फोटोतला बल्ब

"तुमच्या वस्तीला वीज आहे, बाई," नानासाहेब म्हणाला, आणि चतुराबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

नानासाहेब तहसिलातला कारकून. मार्च संपला की चतुराबाई दर वर्षी त्याच्या टेबलासमोर येऊन उभी राहते. धरणाच्या पाण्यात मधोमध उरलेल्या एका टेकाडावर तिची नऊ घरांची वस्ती. लोक तिला नुसतं बेट म्हणतात. तिथं खांब नाही, तार नाही. संध्याकाळी सात ते नऊ डिझेलचं इंजन चालतं, तेवढीच काय ती वीज. डिझेल काठावरच्या पंपावरून डब्यात भरून होडीतून न्यायचं, आणि पंपवाला सुटं डिझेल तहसिलाच्या पत्राशिवाय देत नाही. पत्राची मुदत वर्षाची.

"वीज आहे?" चतुराबाईनं विचारलं. "मग मी रोज हॅन्डल मारते ती काय हौस म्हून?"

"ते मला माहीत नाही. यंदाच्या यादीत तुमची वस्ती आलीय. सौर विद्युतीकरण, काम पूर्ण. वीज असलेल्या वस्तीला सुट्या डिझेलचं पत्र देता येत नाही."

"यादी करणाऱ्याला होडीत बसवून आणा की एकदा."

"बाई, ओरडू नका. पुरावा आहे." नानासाहेबानं फाइल उघडली आणि तिच्याकडं वळवली.

फाइलीत फोटो होता. बेटावरच्या बंद पडलेल्या शाळेसमोर सगळी वस्ती उभी. कडूबाई हिरव्या लुगड्यात, चतुराबाईचा नवरा सांडू टोपी घालून, आणि मधोमध चतुराबाई स्वतः, हात उंच करून. हातात होल्डर. होल्डरमध्ये बल्ब. बल्ब पेटलेला.

"ह्या तुम्हीच ना?"

"मीच."

"मग? पेटलाय ना बल्ब?"

चतुराबाईनं मुलाचा, शिवराजचा, जुना मोबाइल काढला. "ह्याचा फोटो घेऊ का?"

"घ्या की. तुमचाच आहे."

बाहेर पायरीवर बसून तिनं हिशेब केला. घरी अर्धा डबा डिझेल आहे. रोज दोन तास चालवलं तर चार दिवस. फक्त राजनंदिनीच्या वाफेपुरतं चालवलं तर दहा-बारा. त्यानंतर काय, हे तिला माहीत होतं आणि त्याचा विचार तिला करायचा नव्हता.

राजनंदिनी तिची नात, सहा वर्षांची. मुलगा शिवराज शेंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला. तिथं एका खोलीत चारजण राहतात, म्हणून सून सोजर आणि पोर बेटावर. पोरीला दमा आहे. तोंडात दाबायचा पंप तिला नीट ओढता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी वाफेचं मशीन दिलं. तोंडाला मास्क लावायचा, दहा मिनिटं औषधाची वाफ घ्यायची. ते मशीन विजेवर चालतं. एकदा इंजन बिघडलं होतं तेव्हा सांडूनं पोरीला होडीत घालून काठावर नेलं होतं. पाऊण तास लागला. पोरीचे ओठ जांभळे झाले होते. वल्हं मारता मारता सांडू रडत होता आणि चतुराबाई त्याला शिव्या देत होती, कारण दुसरं काहीच करता येत नव्हतं.

*

धरण झालं तेव्हा चतुराबाई तान्ही होती, दुसऱ्या गावात. लग्न होऊन ती इथं आली तेव्हा सासू तिला बोटानं पाणी दाखवायची: तिथं आपली विहीर, तिथं मारुती, तिथं तुझ्या सासऱ्याचा मळा. खालचं सगळं बुडालं; ज्यांच्या जमिनी टेकाडावर होत्या ते तिथंच राहिले. उन्हाळ्यात पाणी उतरतं, पण भोवतीचा गाळ माणसाला गिळतो, पायी येता-जाता येत नाही. समोरच्या काठावर पंपहाउस आहे. तिथून पाणी शहराला जातं. पंपहाउसला स्वतंत्र लाइन आहे, तिथला दिवा कधी विझत नाही. चतुराबाईनं छत्तीस वर्षं आपल्या उंबऱ्यातून तो दिवा पाहिला आहे.

इंजन बारा वर्षांपूर्वीचं. काठावरच्या बन्सीच्या विहिरीला वीज आली, त्याचं जुनं डिझेल इंजन अडगळीत पडलं. सांडूनं ते मागून आणलं. शहरात, उस्मानपुऱ्यात गॅरेज असलेल्या हबीबभाईनं त्याला पट्ट्यानं डायनामा जोडून दिला, वस्तीभर वायर ओढली. हॅन्डल मारायचं काम सांडूचं होतं. दुसऱ्याच वर्षी हॅन्डल उलटं फिरलं आणि त्याचं मनगट मोडलं. तेव्हापासून चतुराबाई मारते. वरचा खटका उचलायचा, हॅन्डल फिरवत वेग धरायचा, खटका पाडायचा, इंजन धरलं की हॅन्डल चटकन काढून मागं व्हायचं. अंगठा हॅन्डलभोवती आवळायचा नाही, बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. उलटं फिरलं तर निदान अंगठा वाचतो. हबीबभाईनं ते तिला चारचारदा सांगितलं होतं.

सात ते नऊ. तेवढ्यात नऊ घरांच्या बायकांनी टाकीत पाणी चढवायचं, मिक्सर फिरवायचा, मोबाइल चार्ज करायचे, पोरांना अभ्यासाला बसवायचं. पावणेनऊला कुणाची तरी चटणी राहिलेली असते आणि ती ओरडते, "चतुराबाई, थांब गं, दोन मिनिटं!" आणि दोन मिनिटं चतुराबाई थांबते. इंजनाचा धूर वाळत्या कपड्यांवर बसतो, दुधाला वास लागतो. कडूबाई तिची थोरली जाऊ, दर उन्हाळ्यात तिचं एकच बोलणं: "तुझ्या इंजनानं माझी कुरडई काळी केली."

"मंग उजेडात बसू नको. चुलीपाशी बस."

धुराचं आणखी एक. पोरीच्या छातीला तो सोसत नाही. म्हणून हॅन्डल हातात घेण्याआधी चतुराबाई चुलीचा धूर कुठं वळतो ते बघते, आणि सोजर पोरीला घेऊन वाऱ्याच्या उलट्या अंगाला, पार पाण्याजवळच्या दगडावर जाऊन बसते. तासाभरानं वाफ द्यायला तिला आत आणावंच लागतं.

*

तो फोटो तीन वर्षांपूर्वीचा.

दोन होड्या भरून ठेकेदाराची माणसं आली होती. दोन दिवसांत त्यांनी शाळेच्या छतावर सोलरच्या पाट्या बसवल्या, आत लोखंडी मांडणी उभी केली. मांडणीवर ठेवायच्या बॅटऱ्या तेवढ्या आल्या नव्हत्या. त्यांचा सुपरवायझर गोड बोलायचा.

"मावशी, बॅटऱ्या पुढच्या आठवड्यात येतायत. पण काम झाल्याचा फोटो आजच पाठवावा लागतो, नाहीतर सगळं अडकून पडतं. एक बल्ब पेटलेला दिसला की झालं."

"पेटवायचा कशावर?"

तो हसला आणि त्यानं इंजनाच्या खोपीकडं बघितलं.

बेटाची एक रीत आहे. पाहुणा आला की दिवसासुद्धा इंजन लावायचं. एवढं पाणी ओलांडून माणूस आला, त्याच्यासमोर पंखा फिरला पाहिजे. मग घरात डिझेल किती आहे ते बघायचं नाही. सांडू म्हणाला, "पाहुणे माणसं हायती. तोंडघशी पाडायचं का त्यांला?"

चतुराबाईनं भर दुपारी तीन वाजता हॅन्डल मारलं. शाळेच्या मागच्या खिडकीतून वायर आत घेतली, पुढच्या दारातून बाहेर काढली, आणि सुपरवायझरनं बल्ब तिच्याच हातात दिला, कारण ती हसली की बरी दिसते, असं तो म्हणाला. फोटो झाल्यावर तिनं त्यांना पिठलं-भाकरी वाढली. जाताना त्यांनी एक कागद पुढं केला. ज्या अंगठ्याला ती इतकी वर्षं हॅन्डलपासून जपत होती, तो तिनं शाईत बुडवून कागदावर टेकवला.

बॅटऱ्या आल्या नाहीत. सुपरवायझरचा फोन आधी लागायचा, मग वाजून बंद व्हायचा, मग तो नंबरच राहिला नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात कडूबाई शिडी लावून छतावर चढली आणि सोलरच्या पाट्यांवर कुरडया घातल्या.

*

त्याच दिवशी चतुराबाई एसटीनं शहरात गेली. हबीबभाईचं गॅरेज उस्मानपुऱ्याच्या एका गल्लीत. तो खाली बसून पंप खोलत होता. तिनं एका दमात सगळं सांगितलं.

"या अल्ला! बाई, तुम भी!" हबीबभाई हात पुसत म्हणाला. "आपलं डिझेल, आपलं इंजन, आणि नाव दुसऱ्याचं?"

"बोला. तुमीबी बोला. मी काय कमी बोललेय का सोताला?"

त्यानं मोबाइल घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो मोठा केला. बल्ब. होल्डर. होल्डरमधून खाली आलेली पिवळी वायर. वायर शाळेच्या दाराशी पोचत होती तिथं एक काळी गाठ. तो ती गाठ बराच वेळ बघत राहिला.

"ये जॉइंट माझा आहे," तो म्हणाला.

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? कापडी टेप, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी, दोन्ही टोकांना दोऱ्याची गाठ. पाण्याजवळची लाइन म्हणून मी असा मारला. नव्या सोलरवाल्याच्या वायरवर हबीबचा जॉइंट कहाँ से आया?"

दुसऱ्या दिवशी तो गॅरेज बंद करून तिच्याबरोबर विजेच्या ऑफिसात आला. तिथले उपअभियंता साहेबराव पन्नाशीचे, शांत, कपाळावर गंध. त्यांनी फोटो पाहिला, जॉइंटचं ऐकलं आणि म्हणाले, "वायर तर सोलरलापण लागते."

हबीबभाई काही बोलणार तेवढ्यात लाइट गेले. पंखे थांबले. चतुराबाईनं मनातल्या मनात मोजलं, एक, दोन, तीन, चार; आणि खाली आवारात कुठंतरी मोठं इंजन धडधडलं, पंखे फिरायला लागले. साहेबरावांनी मान वर केली नव्हती. कुणीच केली नव्हती.

"हॅन्डल कुणी मारलं?" तिनं हळूच विचारलं.

"ऑटोमॅटिक आहे, बाई."

"सायेब," ती म्हणाली, "आता तुमच्या डोक्यावर फिरतंय ते काय आहे? डिझेल. तुमाला डिझेल चालतं, कारण तुमाला त्यासाठी जागचं हलावं लागत नाय. माझं इंजन चार दिवसांत बंद पडणार. मग माझ्या नातीला वाफ कशावर देऊ? ह्या फोटोवर?"

साहेबरावांनी पेन खाली ठेवलं. "प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल. गुरुवारी दुपारी येतो."

"दुपारी नाय. दुपारी काय दिसंल? सूर्याचा उजेड. संध्याकाळी या."

"परत कसा जाणार?"

"होडी माझ्या नवऱ्याची आहे. आणून सोडतो."

*

गुरुवारपर्यंत वस्तीनं इंजन फक्त पोरीपुरतं चालवायचं ठरवलं. बायकांनी पाटे-वरवंटे धुऊन काढले, पाणी डोक्यावर आणलं. कुणी कुरकुर केली नाही. कडूबाईनं केली, पण ती गुळगुळीत झालेल्या पाट्यावर, पोरीवर नाही.

कुरकुर सांडूची. "सायेब येणार, आन् अंधारात बसवायचं? लोक काय म्हणतील? लाव की तासभर. खूश झाला तर लवकर लिहील."

"खूश करायलाच गेलो व्हतो मागं."

"तव्हाची गोष्ट येगळी."

"काहून येगळी? तव्हाबी तुमीच म्हणले, पाहुणे हायती. अहो, तुमचा पाहुणा माझ्या डिझेलवर फोटो काढून गेला! या खेपेला इंजनाच्या खोपीत कुणी पाय ठेवला तर हॅन्डल माझ्याच हातात आहे, ध्यानात ठेवा."

साहेबराव साडेपाचला उतरले, हबीबभाई बरोबर. वस्ती शाळेसमोर जमली, पण फोटोसारखी रांगेत नाही. छतावर कडूबाईच्या पांढऱ्याशुभ्र कुरडया उन्हात चमकत होत्या.

"हे काय?" साहेबरावांनी विचारलं.

"कुरडया, सायेब," कडूबाई म्हणाली. "लई गुणाचं सोलर. दोन दिसांत खणखणीत वाळती. आमच्या खाटंवर चार दिस लागायचे."

शाळेच्या आत लोखंडी मांडणीवर, बॅटऱ्यांच्या जागी, कडूबाईची कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिनं साहेबांकडं एक डोळा करून पाहिलं आणि जागचं हलायला नकार दिला. हबीबभाईनं बाहेर नेऊन वस्तीच्या वायरवरचा फोटोतलाच जॉइंट दाखवला, सायकलच्या ट्यूबची पट्टी, दोऱ्याच्या गाठी. साहेबरावांनी मोबाइलवर फोटो काढले.

"ठीक आहे. माझं झालं. उजेड आहे तोवर निघतो."

"सात वाजू द्या," चतुराबाई म्हणाली.

"बाई, मला जे पाहायचं ते पाहिलं."

"तुमी फक्त शाळा पाह्यली. अंधार कुठं पाह्यला?"

साहेबरावांनी सांडूकडं बघितलं. सांडू मान खाली घालून म्हणाला, "वल्हं तिनं चुलीमागं ठेवलंय, सायेब. मला बी देईना."

ओसरीवर खाट टाकली. चहा झाला. सूर्य गेला, मग पाण्यावरचा तांबडा रंग गेला, मग माणसांचे चेहरे गेले. डास आले. समोरच्या काठावर पंपहाउसचे दिवे एका रांगेत लागले आणि त्यांचा बारीक गुणगुणाट पाण्यावरून ऐकू यायला लागला. साहेबराव रुमालानं वारा घेत होते.

"चतुरे," सांडू अंधारातून म्हणाला, "पंखा तरी..."

"पंखा नाय."

"बाई," साहेबराव शेवटी म्हणाले, "माझ्या मोबाइलची बॅटरी संपत आलीय. इंजन आहे ना तुमच्याकडं? जरा वेळ लावा. रिपोर्ट लिहायला तरी उजेड पाहिजे."

"इंजन? कागदात कुठं आहे इंजन? कागदात सोलर आहे. ते लावा."

हबीबभाईला हसू आलं, त्यानं खोकल्याचं सोंग केलं. पण खरा खोकला त्याच वेळी आतून आला. एकदा, दोनदा, मग खोकल्याच्या मागं ती शिट्टी. पडदा सारून सोजर पोरीला खांद्यावर घेऊन बाहेर आली.

"आत्याबाई, लागला तिला."

चतुराबाई उठली. अंधारात तिला दिवा लागत नव्हता. खोपीत जाऊन तिनं भिंतीवरचे फ्यूजचे कटआउट हातानं चाचपले. नऊ घरांचे नऊ होते. आठ उपटून तिनं ओटीत टाकले, आपल्या घराचा ठेवला; मग घरात येऊन बल्ब होल्डरमधून काढला. साहेबरावांना वाटलं, आता दिवा लागणार.

खटका, हॅन्डल, वेग. इंजन धडधडलं. पहिला काळा धूर खोपीच्या पत्र्याखालून बाहेर पडला आणि वाऱ्यानं सरळ घराकडं नेला. सोजरनं भिजवलेलं धडपं दारावर सोडलं. पोरीला मांडीवर घेऊन मास्क लावला, मशीन सुरू केलं. घरात उजेड म्हणजे मशीनवरचा ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका.

साहेबराव दारात उभे राहिले आणि त्यांना ठसका लागला. धुरानं चुरचुरणाऱ्या डोळ्यांवर त्यांनी रुमाल धरला. हिरव्या ठिपक्याजवळ पोरीच्या बरगड्या आत जात होत्या, बाहेर येत होत्या.

"हा धूर... आणि हिलाच दमा?"

"हिलाच. ह्या धुरानं दम लागतो. दम लागला की वाफ पाह्यजे. वाफंला वीज पाह्यजे. विजंला हेच इंजन. तुमच्या यादीत बसवा हे कुठं बसतं ते."

"मी उद्या ऑफिसात गेल्यावर..."

"आत्ता लिहा. इथंच."

"मोबाइल तीन टक्के आहे, बाई."

"चार ओळींला पुरंल."

मोबाइलच्या उजेडात साहेबरावांनी मांडीवर कागद धरला. हबीबभाईनं मोबाइल धरला. पेनाचा आवाज इंजनात ऐकू येत नव्हता.

"वाचा," चतुराबाई म्हणाली. "मला वाचता येत नाय. मागंबी येत नव्हतं."

साहेबरावांनी वाचलं. "सदर वस्तीस वीजपुरवठा नाही. सौर संचास बॅटऱ्या बसविलेल्या नाहीत. छायाचित्रातील बल्ब डिझेल इंजिनावर लावलेला होता."

"कुणी लावला?"

"त्याची काय गरज आहे?"

"गरज आहे. लिहा, चतुराबाईनं लावला. उद्या कुणी विचारलं तर मला विचारू द्या. चूक माझी आहे, मी काय तोंड लपवत नाय. त्यांनी त्यांची लपवली म्हून आज ही पाळी आली."

साहेबरावांनी लिहिलं. सही केली. मोबाइल बंद पडला. पोरीची शिट्टी हळूहळू बारीक झाली, मग ती मास्कमधून म्हणाली, "मोठीआई, इंजन बंद कर ना, वास येतोय."

चतुराबाईनं इंजन बंद केलं, आणि चुलीमागून वल्हं आणून सांडूच्या हातात दिलं.

*

पहिल्या नकारापासून बाराव्या दिवशी पत्र मिळालं. डब्यात घोटभर उरलं होतं. यादीत वस्तीपुढं आता 'काम पूर्ण' ऐवजी 'प्रस्तावित' असं लिहिलं होतं. बॅटऱ्यांचं कुणाला काही माहीत नव्हतं; ठेकेदाराला नोटीस गेली म्हणत. डिझेलचं पत्र सहा महिन्यांचं.

"झालं ना तुमच्या मनासारखं?" नानासाहेब म्हणाला. "पेढे कुठं आहेत?"

चतुराबाईनं पत्राची घडी केली, पोलक्यात ठेवली. "माझ्या मनासारखं?" ती म्हणाली. "एवढं भांडून तुमी मला धूर दिलाय, भाऊसाहेब. सहा महिन्यांचा. पेढे तुमीच खा."

पंपावर तिनं तीन डबे भरून घेतले. सांडूनं ते होडीत लावले. पाणी ओलांडताना पंपहाउसचा गुणगुणाट डाव्या हाताला चालूच होता.

सात वाजता कडूबाई तिच्या ओट्यावरून ओरडली, "लाव गं, माझी चटणी राह्यली!"

चतुराबाईनं चुलीकडं बघितलं. धूर घराच्या अंगाला वळत होता. "सोजर," तिनं हाक मारली, "पोरीला घेऊन दगडावर जा. लांबच्या." दोघी उतारावरून दिसेनाशा होईपर्यंत ती थांबली, ओट्यावरून कडूबाईनं आणखी दोनदा हाक मारली तरी थांबली. मग पदर खोचला, अंगठा बोटांच्या बाजूला घेतला आणि हॅन्डल मारलं.